तटावर चढण्यापुरतें बळ

समुद्रकांठीं चार दिवस हवापालटीस जावयाचें ठरलें म्हणजे घरांत तयारीची एकच धांदल उडते. उतरावयाचें कोठें, कपडे कोणते घ्यावयाचे, वाटेंत फराळास काय न्यावयाचें, या नेहमींच्या प्रश्नांत हल्लीं आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. तो म्हणजे, जाण्यापूर्वीं वजन किती उतरवावयाचें? तरुण मंडळींस छायाचित्रांत सडपातळ दिसावयाचें असतें, प्रौढांस धाप न लागतां चार पायऱ्या चढावयाच्या असतात, आणि दोघांचाहि मुहूर्त मात्र एकच, निघण्यापूर्वींचे पंधरावीस दिवस ! मीहि या मोहांत सांपडून एकदां फजीत पावलों व दुसऱ्या खेपेस थोडासा शहाणा झालों. शाळामास्तरकी सुटली तरी चूक फळ्यावर मांडून दाखविण्याची संवय सुटत नाहीं. म्हणून मालवणच्या दोन प्रवासांचा हा वृत्तांत वाचकांपुढें ठेवीत आहें.

आम्ही सांगलीचे. सांगलीहून कोल्हापूर, तेथून राधानगरीवरून फोंडाघाट उतरून कणकवली, आणि पुढें कसालवरून मालवण, असा आमचा रस्ता. घाट उतरूं लागतांच उसाचे मळे मागें पडतात, हवा दमट होते, तांबड्या मातीचे गडगे व काजूचीं झाडें दिसूं लागतात, आणि शेवटीं माडांच्या शेंड्यांमधून समुद्राची निळी पट्टी दृष्टीस पडते. मालवणच्या बंदरावर उभें राहिलें म्हणजे समोरच कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग दिसतो. ता. २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं शिवछत्रपतींनीं या जलदुर्गाचा पाया घातला व १६६७ सालीं तो पुरा झाला. सुमारें ४८ एकरांचें बेट. त्याभोंवतीं नागमोडी वळणें घेत गेलेला सुमारें ३ किलोमीटर लांबीचा तट. तटाची उंची सुमारें ३० फूट व रुंदी १२ फूट. आंत राजाराममहाराजांनीं बांधविलेलें शिवराजेश्वराचें मंदिर आहे. भोंवतीं सारें खारें पाणी असतां दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन विहिरींस गोडें पाणी आहे, हें तर पाहणाऱ्यास नवलच वाटतें.

आमच्या कुटुंबाचें माहेर कुडाळकडचें. आठ वर्षांची असतांना वडिलांचें बोट धरून ती या किल्ल्याच्या पश्चिमेकडील तटावर चढली होती. तेथून पलीकडे जमीन म्हणून दिसत नाहीं, नुसता समुद्र. तो पाहून आपण घाबरून वडिलांच्या धोतराचा सोगा कसा धरला, ही गोष्ट तिनें मला लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षीं सांगितली होती. पुढें संसार, मुलांचीं शिक्षणें, घरांतलीं आजारपणें, यांत माहेरीं जाणें घडलें तरी मालवणपर्यंत पाऊल पडलें नाहीं. मी निवृत्त झाल्यावर, तीन वर्षांपूर्वींच्या वैशाखांत, तो योग आला.

त्या वेळीं माझी उंची साडेपांच फुटांस थोडी कमी व वजन ७८ किलो. निघावयास वीस दिवस होते. वीस दिवसांत दहा किलो उतरवावयाचें असें मीं पंचांग पाहिल्याप्रमाणें गंभीरपणें ठरविलें. रात्रीचें जेवण बंद केलें, दुपारीं एक भाकरी व ताक, सकाळीं लिंबाचें पाणी. शिवाय पहिल्याच दिवशीं, तरुणपणीं घालीत होतों म्हणून, पन्नास सूर्यनमस्कार घातले ! आठवड्यांत कांटा तीन किलो खालीं आला. मला धन्यता वाटली. दुसऱ्या आठवड्यांत कांटा जागचा हालेना, आणि उजवा गुडघा मात्र सुजून आला. तिसऱ्या आठवड्यांत मी घरांत सर्वांवर चिडूं लागलों. अशा अवस्थेंत आम्ही मालवणास पोंचलों.

होडींतून उतरून महाद्वारापर्यंत गेलों तोंच डोळ्यांपुढें अंधारी आली. वैशाखाचें ऊन, रिकामें पोट आणि दुखरा गुडघा ! देवडीच्या सांवलींत मी मटकन् खालीं बसलों. मुलगा, सून व नात यांना पुढें जावयास सांगितलें. कुटुंबालाहि म्हटलें, “तूं जा, तुझा तट पाहून ये.” ती पदरानें मला वारा घालीत तेथेंच बसली. “राहूं द्या हो, पुन्हां येऊं,” एवढेंच म्हणाली. होडीवाल्यानें दिलेला तासाभराचा वेळ आम्हीं दोघांनीं त्या दगडी कट्ट्यावर काढला. परततांना ती मागें वळून पाहत होती, पण बोलली कांहीं नाहीं. ‘पुन्हां’ या शब्दांत साठीच्या माणसांना किती वर्षें धरतां येतील, हा विचार मला मात्र त्या रात्रीं झोंपूं देईना. घरीं आल्यावर महिन्याभरांत उतरलेलें सारें वजन परत आलें; वर किलोभर व्याजहि आलें, तें यथावकाश उतरलें.

गेल्या वर्षीं भाद्रपदांत मुलानें पुन्हां मालवणची गोष्ट काढली. मार्गशीर्षांत जावयाचें ठरलें. इकडे माझी नात, ती आतां महाविद्यालयांत जाते, तिनें भिंतीवर कागद डकविला: ‘एका महिन्यांत दहा किलो.’ तारकर्लीच्या वाळूंत काढावयाच्या छायाचित्रांसाठीं हा संकल्प ! दोन दिवस तिनें दुपारीं नुसत्या काकड्या खाल्ल्या व तिसऱ्या दिवशीं कॉलेजच्या जिन्यांत तिला घेरी आली. तिचा तो कागद वाचतांना मला माझेंच हस्ताक्षर वाचल्यासारखें वाटलें. त्याच संध्याकाळीं मी तिला घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेलों. हे डॉक्टर माझेच जुने विद्यार्थी. त्यांनीं दोघांचींहि वजनें, उंची व कंबरेचीं मापें घेतलीं आणि हंसत म्हणाले, “गुरुजी, आज मी शिकवितों, आपण बसा.”

पहिला पाठ गणिताचा निघाला. एक किलो चरबी म्हणजे सुमारें ७,७०० उष्मांकांचा सांठा. दहा किलो म्हणजे ७७,०००. वीस दिवसांत तो संपवावयाचा तर रोज ३,८५० उष्मांक कमी पडावयास हवेत. माझ्या वयाचा व बांध्याचा मनुष्य दिवसभरांत खर्च करतो सुमारें दोन हजार ! म्हणजे मी वीस दिवस अन्नाचा कणहि न घेतां पडून राहिलों असतों तरी तें गणित सुटणारें नव्हतें. मग पहिल्या आठवड्यांत तीन किलो गेले कोठें ? तें बहुतेक पाणी होतें. अन्न एकदम तोडलें म्हणजे यकृतांत व स्नायूंत सांठविलेली साखर प्रथम खर्च होते, व तिच्याबरोबर धरून ठेवलेलें पाणीहि निघून जातें. पुन्हां जेवूं लागतांच तें परत येतें. शिवाय साठीनंतर स्नायू आपोआपच झिजत असतात. उपाशी राहून वजन उतरविलें तर चरबीबरोबर तेहि जातात, आणि मनुष्य हलका होण्याऐवजीं दुबळा होतो.

म्हणून त्यांनीं मला आठवड्यास फार तर अर्धा किलो, आणि बारा आठवड्यांत मिळून चार किलो, एवढेंच उद्दिष्ट घालून दिलें. बारा आठवड्यांचे सहा कां नाहीं, असें मीं विचारलें. “मधें नवरात्र, दसरा व दिवाळी आहे, गुरुजी, तीं काय पंचांगांतून काढावयाचीं?” असें त्यांचें उत्तर. मूळ वजनाच्या शेंकडा पांच एवढी घट झाली तरी रक्तदाब व रक्तांतील साखर यांवर तिचा चांगला परिणाम दिसतो. कांट्यापेक्षां कंबरेच्या फितीवर अधिक लक्ष ठेवा, असेंहि त्यांनीं सांगितलें. आपल्या लोकांत पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर व स्त्रियांची ८० सेंटिमीटर यांच्या आंत असावी. माझी १०१ भरली.

नातीचा निकाल तर निराळाच लागला. उंची सवापांच फुटांस दीड इंच कमी, वजन ५२ किलो. “हिला उतरवावयाचें असें कांहीं नाहींच,” डॉक्टर म्हणाले, “दहा किलो उतरविले तर ही रोगी दिसूं लागेल.” तिनें भीत भीत विचारलें, “पण पोट सपाट, अंग घोटीव कसें होईल ?” त्यांनीं समजाविलें कीं, पोटाचा व्यायाम केल्यानें पोटावरचीच चरबी जाते हा भ्रम आहे, चरबी कोठून आधीं खर्चावयाची तें शरीर आपल्या क्रमानें ठरवितें. अंग घोटीव दिसतें तें स्नायू बळकट झाल्यानें, आणि स्नायू बळकट व्हावयास पोटभर जेवण व नियमित श्रम दोन्ही लागतात. चरकाच्या सूत्रस्थानांत अष्टौनिंदितीय नांवाचा एक अध्याय आहे. त्यांत निंद्य म्हणून सांगितलेल्या आठ शरीरांत अतिस्थूलाबरोबर अतिकृशहि बसविला आहे. वाटेनें नातीला मी हें सांगितलें, तेव्हां ती म्हणाली, “आजोबा, म्हणजे आपण दोघेहि त्याच अध्यायांत जाणार होतों, फक्त वेगवेगळ्या दारांनीं !”

घरीं येऊन मीं वाग्भट काढला. व्यायाम आपल्या अर्ध्या शक्तीनें करावा, तोहि थंडीच्या दिवसांत व वसंतांत. इतर ऋतूंत त्याहून सौम्य, असें तो स्पष्ट सांगतो. वैशाखांत पन्नास नमस्कार घालणाऱ्या संस्कृताच्या मास्तरानें हें वाचलें नव्हतें असें नाहीं. मुलांना शिकविलेंहि होतें! अर्धें बळ कोठें संपतें याची खूणहि सुश्रुतानें दिली आहे: श्वास तोंडावाटे येऊं लागला कीं थांबावें. हल्लींचे वैद्यकशास्त्री म्हणतात, चालतांना बोलतां यावें पण गातां येऊं नये, इतका वेग योग्य. दोघांचें म्हणणें जवळजवळ एकच आहे. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकांत सेनापति मृगयेची स्तुति करतो, तीहि आठवली. मेद झडून उदर कृश होतें हें तो सांगतोच. परंतु तेथें न थांबतां शरीर हलकें होऊन उद्योगास उठण्याजोगें होतें असें पुढें म्हणतो. इतकीं वर्षें मीं मुलांकडून त्या श्लोकाचा अन्वय लावून घेतला, पण उद्दिष्ट त्याच्या पहिल्याच चरणाच्या शेवटीं आहे हें माझ्या ध्यानांत आलें नव्हतें.

मग आम्हीं तिघांनीं बसून संकल्प नव्यानें लिहिले. कुटुंबानें सांगितलें, “मला पश्चिमेच्या तटावर चढावयाचें आहे.” मीं लिहिलें, “तिच्याबरोबर चढावयाचें, व उतरून होडीपर्यंत आपल्या पायांनीं यावयाचें.” नातीनें लिहिलें, “वाळूंतून तासभर चालावयाचें व न थांबतां बारा नमस्कार घालावयाचे.” किलोंचा आंकडा कागदाच्या तळाशीं बारीक अक्षरांत राहिला.

अनंतचतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीं प्रारंभ केला. पहिल्या आठवड्यांत पंधरा मिनिटें चालणें व चार नमस्कार. दर आठवड्यास दोनतीन मिनिटें व एक नमस्कार वाढवावयाचा. नमस्कारांचा विषय निघाला म्हणजे आमच्या भागांत औंधाचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि (१८६८-१९५१) यांनीं आपल्या संस्थानांतील शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. आजच्या सांगली जिल्ह्यांतील आटपाडी त्याच संस्थानांत होती. माझा गुडघा दुखे तेव्हां डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी खुर्चीचा आधार घेऊन नमस्कार घाली. नदीचें पाणी ओसरल्यावर कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या चढूं-उतरूं लागलों, कारण तट चढावयाचा तर पायांस पायऱ्यांचीच ओळख हवी. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलेलें प्रमाण आठवड्यास निदान १५० मिनिटें मध्यम श्रमाचें आहे. त्याशिवाय बळ वाढविणारा व्यायाम आठवड्यांतून दोनदां, आणि पासष्टीपुढील लोकांनीं तोल सांभाळण्याचाहि अभ्यास करावा असें ती म्हणते. तोल सांभाळण्यासाठीं आम्ही नवराबायको संध्या करतांना व दिवा लावतांना एका पायावर उभीं राहत असूं, तें पाहून शेजारच्या मुलांची मोठी करमणूक झाली.

जेवणांत फार उलथापालथ केली नाहीं. भाताची दुसरी मूद सोडली, चहा चारावरून दोनावर आणला, आणि दोन्ही वेळां वरण, उसळ किंवा दही चुकविलें नाहीं, कारण स्नायू टिकावयास तीं लागतात. खरा घोंटाळा उपवासाचा ! एकादशीची साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचें कूट, वर तळलेला बटाट्याचा कीस. हा उपवास नेहमींच्या जेवणाहून जड असतो हें आपण सारे जाणतों व कोणीच बोलत नाहीं. त्या दिवशीं मी राजगिरा, ताक व फळें यांवर आलों. दिवाळीच्या आठवड्यांत किलोभर वजन वाढलें. पूर्वींचा मी असतों तर ‘आतां सारें बुडालें’ म्हणून उरलेल्या करंज्यांचाहि फन्ना उडविला असता. या वेळीं पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीं पुन्हां घाटावर गेलों. बाराव्या आठवड्याच्या शेवटीं कांट्यावर ७५ किलो भरले, फीत ९७ वर आली. चाराचे तीनच साधले.

मार्गशीर्षांत मालवणास पोंचलों. आम्ही उतरलों त्या घरीं सकाळीं नारळाच्या रसाबरोबर घावणे असत, दुपारीं कुळथाची पिठी, सोलकढी व उकड्या तांदळाचा भात. शिरवाळ्यांचा बेतहि एक दिवस झाला. तेथें जाऊन वजनाचा जप करणें म्हणजे यजमानाचा अपमानच. मी मनापासून जेवलों, फक्त पांचव्या घावण्यास हात जोडले.

सिंधुदुर्गावर होडीवाल्यानें पूर्वींप्रमाणेंच तासाभराची मुदत दिली. देवडीचा तो कट्टा आला. आम्हीं दोघांनींहि त्याकडे पाहिलें व पुढें झालों. शिवराजेश्वराचें दर्शन घेतलें, विहिरी पाहिल्या, आणि पश्चिमेच्या तटाच्या पायऱ्यांपाशीं आलों. पायऱ्या ओबडधोबड, कठडा नाहीं. मधेंच माझा श्वास तोंडावाटे येऊं लागला. सुश्रुताची आज्ञा मानून दगडावर हात टेकून थांबलों. कुटुंब तोंवर वर पोंचलें होतें. मी वर आलों तेव्हां ती वाऱ्यांत पदर सांवरीत उभी होती. लाटा खालीं तटावर आपटत होत्या, आणि समोर खरोखरीच जमीन म्हणून दिसत नव्हती. बराच वेळ ती कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “अण्णा इथें उभे होते. मला वाटत होतें, तट याहून उंच असेल.” तटावरून आम्ही थोडेंसें चाललों असूं नसूं, इतक्यांत नात खालून होडीची वेळ झाल्याचें ओरडून सांगूं लागली. तीन किलोमीटरांची ती फेरी अर्थातच पुरी झाली नाहीं. पण होडीपर्यंत आपल्या पायांनीं आलों.

दुसऱ्या दिवशीं पहांटे तारकर्लीहून देवबागच्या बाजूस वाळूंतून निघालों. भुसभुशीत वाळूंत पाऊल रुतत असल्यामुळें पक्क्या रस्त्यापेक्षां पुष्कळ अधिक श्रम पडतात. मी ओल्या, घट्ट वाळूवरून अर्धा तास चालून परतलों, नात मात्र आपला तास पुरा करून आली. वाटेंत रापण ओढणारे लोक दिसले. समुद्रांत अर्धवर्तुळाकार टाकलेलें लांबच लांब जाळें दोन्ही दोरांनीं वीसपंचवीस माणसें किनाऱ्याकडे खेंचीत होतीं. त्यांत माझ्या वयाचे दोघेतिघे होते. त्यांच्या पोटऱ्या व दंड पाहून नात म्हणाली, “आजोबा, यांना कोणी आंकडा घालून दिला असेल ?” मीं म्हटलें, “रोजचें जाळेंच यांचा आंकडा. आणि तो चुकविण्याची सोय यांना नाहीं, हेंहि विसरूं नकोस.” मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरांत समुद्रांत पोहण्याच्या शर्यती होतात व लहान मुलेंहि त्यांत उतरतात, असें यजमानांकडून कळल्यापासून तिच्या डोक्यांत पोहणें शिकण्याचें वेड शिरलें आहे. या वेळीं मात्र तिनें दिवस मोजूनच विचार केला. परत येतांच सांगलींतील तलावावर नांव घातलें असून मुदत एक वर्षाची ठेवली आहे.

छायाचित्रें तिनें पुष्कळ काढलीं. त्यांतील एक आमच्या दिवाणखान्यांत लावलें आहे, तें तटावर उभ्या असलेल्या आजीचें.

वाचकांपैकीं ज्यांचें या हिंवाळ्यांत कोंकणांत जावयाचें ठरत असेल त्यांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें. तेथें गेल्यावर शरीराकडून कोणतें काम करून घ्यावयाचें आहे, तें आधीं ठरवावें. निघण्याच्या दिवसापासून उलट बारा आठवडे मोजावे, मधले सण वजा घालावे, आठवड्यास अर्ध्या किलोहून अधिक आशा धरूं नये. आणि मधुमेह, रक्तदाब किंवा सांध्यांची व्यथा असेल तर पहिल्या दिवसाच्या आधीं आपल्या डॉक्टरांस भेटावें. ज्यांचें वजन मुळांत योग्यच आहे त्यांनीं कांट्याच्या वाटेस जाऊंच नये. सिंधुदुर्गासारखा किल्लाहि तीन वर्षें दगडावर दगड चढवूनच उभा राहिला. आमचे राहिलेले एक किलो व तटाची राहिलेली फेरी यांपैकीं फेरीचीच चुटपुट आम्हांस अधिक लागली आहे. पुढील मार्गशीर्षांत निदान अर्धी करावयाची, असें कुटुंबानें कागदावर लिहून ठेवलें आहे.